पुराच्या आधीची बेगमी : पंधरा दिवसांचं अन्न घरात, खिशाला परवडेल असं

कृष्णाकाठची

आमच्या सांगलीच्या घरी जिन्याखालच्या भिंतीत एक खिळा आहे. २००५ च्या पुराचं पाणी जिथवर चढलं तिथे सासऱ्यांनी तो ठोकला. पुढची १४ वर्षं घरातली प्रत्येक वस्तू त्या खिळ्याकडे बघूनच ठेवली जायची. गव्हाची कोठी विटांवर चढवून खिळ्याच्या वर, तांदळाचं पिंप वर, डाळींचे डबे तर त्याच्याही वरच्या फळीवर. दरवर्षी एप्रिलमध्ये वर्षाचं धान्य भरायची आमच्याकडे पद्धत, त्यामुळे ऑगस्टमध्ये घरात सहज शंभर-सव्वाशे किलो धान्य असायचं. आपल्याला काय कमी पडणार, असंच सगळ्यांना वाटायचं.

२००५ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५३ फुटांच्या वर गेली होती. ऑगस्ट २०१९ ला ती ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ आहे. खिळा बुडाला, कोठी बुडाली, वरची फळीही बुडाली. आम्ही सातजण शेजाऱ्यांच्या माडीवर होतो. खाली शंभर किलो धान्य, आणि वर आमच्या हाताशी काय? भडंगाचा एक डबा, गुळाची अर्धी ढेप आणि सासूबाईंनी निघता निघता पदराखाली घेतलेला शेंगदाण्यांचा डबा. शेजाऱ्यांकडे तांदूळ होते म्हणून निभावलं.

पाणी उतरल्यावर कोठी बघितली तर भिजून फुगलेल्या गव्हाने तिचा पत्रा शिवणीपासून उसवला होता. आत हात घातला तर गहू गरम लागला. आंबून वाफ धरली होती. सासूबाईंनी ओंजळभर बाहेर काढला, त्याला पांढरे मोड आले होते. बऱ्याच वेळ त्या तसाच हातात धरून उभ्या होत्या. मग सगळा ट्रॉलीत भरून टाकून दिला.

तेव्हापासून मी ज्या पद्धतीने साठा करते ती इथे लिहिते आहे. आमच्या भागात कितीजणांनी तरी विचारली, म्हणून एकदा सविस्तर लिहावी म्हटलं.

वर्षाचं धान्य वेगळं आणि अडीअडचणीचं अन्न वेगळं, हे आधी मनाशी पक्कं करा. अडचणीसाठी जे ठेवायचं ते कमी, हलकं, चटकन शिजणारं आणि उंचावर हवं. चारजणांचं घर आणि पंधरवडा म्हणजे १४ दिवस धरून मी हिशोब केला. माणशी दिवसाला २,००० किलोकॅलरी धरल्या तर १,१२,००० होतात. १५ किलो तांदळात त्यातल्या साधारण ५२,००० निघतात. डाळी ५ किलो म्हणजे १७,०००. तेल २ लिटर, साडेसोळा हजार. शेंगदाणे २ किलो, अकरा हजारांच्या वर. कणीक ३ किलो, दहा हजार. गूळ-साखर मिळून २ किलो, साडेसात हजार. झाला आकडा पुरा, आणि सगळं मिळून वजन २९ किलोच्या आसपास. दोन माणसं दोन खेपांत माडीवर नेऊ शकतात.

यात गहू नाही हे लक्षात आलं असेल. तो मुद्दाम नाही. वीज गेली की गिरणी बंद. २०१९ ला ज्यांचे गहू वाचले त्यांनाही दळून कुठे मिळत होते? म्हणून तांदूळ जास्त आणि कणीक थोडी. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवू नका, कडवट होतं. बाजरीचं तर आठवड्या-दीड आठवड्यातच होतं.

पैशाचं म्हणाल तर हे सगळं सामान दोन-सव्वादोन हजारांचं, पण एकदम आणायचं नाही. महिन्याच्या किराण्यात एक-दोन वस्तू जास्तीच्या घ्यायच्या. या महिन्यात किलोभर मसूर, पुढच्या महिन्यात दोन किलो तांदूळ आणि तेलाची एक पिशवी. मला आठ महिने लागले, महिन्याला अडीचशे-तीनशे रुपये पडले. ऑक्टोबरमध्ये सुरू केलं तर मेअखेर साठा पूर्ण.

आणि हे कुलूप लावून ठेवायचं धन नव्हे. डब्यावर कागदी पट्टी चिकटवून महिना लिहायचा, आधीचं आधी खायचं आणि नवं मागे सरकवायचं. जे आपण रोज खातो तेच साठवायचं. मी सुरुवातीला कुणाचं तरी ऐकून ओट्सची मोठी पाकिटं आणली होती. घरात कुणी तोंड लावलं नाही, शेवटी खवट झाली.

---

वाशिष्ठीचा_शेजार

ताई, वाचून अंगावर काटा आला. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला आमच्याकडे पाणी इतकं झपाट्याने चढलं की खालचं सामान वर न्यायला वेळच मिळाला नाही. त्यामुळे तुमच्या लेखाला एवढंच जोडेन : साठा वर *न्यायचा* नाही, तो वर *असायला* हवा. आधीपासून. आम्ही आता जूनच्या पहिल्या आठवड्यातच सगळं माळ्यावर टाकतो ते गणपती झाल्यावर उतरवतो.

दुसरं, अन्न होतं पण चूल नव्हती. सिलिंडर खालच्या स्वयंपाकघरात, तो पाण्यावर तरंगत जाऊन दाराला अडकला. वरच्या मजल्यावर आमच्याकडे तांदूळ होते आणि ते कच्चे चावायची वेळ आली होती. म्हणून अर्धा साठा न शिजवता खाता येईल असा ठेवा. पोहे तर हवेतच. पाण्याने भिजवून मीठ, साखर, खोबरं घातलं की झाले. ओला नारळ घरात असतोच. मेतकूट, सातूचं पीठ, चुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, फणसपोळी, आंबापोळी. आमच्याकडे कुळथाचं पीठ मुबलक असतं, पण त्याला विस्तव लागतो हे तेव्हा कळलं.

आमच्या आजीच्या वेळी या सगळ्याला आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडची, बेगमी म्हणत. मे महिन्यात तिची नुसती धांदल असायची. सुकी मासळी, आमसुलं, मीठ, कांद्याच्या माळा, मातीत पुरून ठेवलेल्या आठळ्या. चार महिने बाजार बंद, रस्ता बंद, हे तिने धरूनच ठेवलेलं असायचं. आम्ही दुकानं जवळ आली म्हणून ते सोडलं.

---

मडगांवकार्न

आमच्या गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात. पोर्तुगीज शब्दावरून आलाय. मडगावला मे-जूनच्या सुमारास पुरुमेंताचं फेस्त भरतं आणि त्यात सुक्या मिरच्या, कांद्याच्या माळा, सोलं, चिंच, सुकी मासळी, उकडे तांदूळ असं सगळं मिळतं. माझी आई अजून जाते. तिचा एक नियम आहे, मिरची आणि मासळी घरी आणल्यावर पुन्हा दोन कडक उन्हं दाखवल्याशिवाय बरणीत जात नाही. विकणाऱ्याने वाळवलेलं असलं तरी वाटेत दमटपणा लागतो, असं ती म्हणते. मला ते पटतं, कारण एका वर्षी मी तो कंटाळा केला आणि जुलैत सगळे बांगडे बुरशीने पांढरे झाले.

---

दहा_बाय_बारा

धागा फार आवडला, वाचनखूण साठवली. पण ताई, आम्ही मुंबईत चाळीत तळमजल्यावर राहतो. एक खोली, पाच माणसं. माळा नाही, माडी नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमच्याकडे कमरेइतकं पाणी होतं, मी आणि भाऊ रात्रभर टेबलावर बसून. आईने शेजारच्यांच्या पहिल्या मजल्यावरून आलेला चहा आम्हा दोघांना पाजला आणि स्वतः नुसता वास घेतला, हे मला आजही आठवतं. आम्ही २९ किलो कुठे ठेवायचं?

---

कृष्णाकाठची

@दहा_बाय_बारा, तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा रिकामा डबा मिळतो ना, वाण्याकडे किंवा भंगारवाल्याकडे, त्यात साधारण १२-१३ किलो तांदूळ बसतो. असे दोन डबे कपाटावर छताला लागून राहतात. तेवढ्यात तुमचा बराचसा साठा झाला. पंधरा दिवसांचं जमत नसेल तर पाच दिवसांचं करा, ते एकाच डब्यात मावतं. पाचजणांना पाच दिवस म्हणजे तांदूळ साडेसहा किलो, डाळ सव्वादोन, शेंगदाणे-गूळ दोन आणि तेल लिटरभर. आणि वरच्या मजल्यावरच्या कुणाशी आत्ताच बोलून ठेवा. तुमचा एक डबा त्यांच्याकडे, त्या बदल्यात तुम्ही त्यांच्यासाठी काहीतरी. आमचा एक डबा कायम शेजाऱ्यांच्या माडीवर असतो, त्यावर आमचं आडनाव लिहिलंय.

डबा नीट धुऊन, उन्हात वाळवून घ्या. तेलाचा अंश राहिला तर तांदळाला खवट वास लागतो.

---

मार्केटयार्ड_जुना

आमचा धान्याचा पिढीजात धंदा, म्हणून टिकवण्याबद्दल थोडं लिहितो. लोक इथेच चुकतात.

धान्य वाळलंय का, हे बघायचं साधं तंत्र म्हणजे दाणा दाताखाली धरायचा. कट्‌कन तुटला तर वाळला. दबला, चिकटला तर अजून ऊन हवं. उन्हातून काढलेलं गरमागरम डब्यात भरू नका. आत घाम सुटतो आणि मग टोके, बुरशी सगळं येतं. संध्याकाळभर सावलीत निवू द्या, मग भरा. डबा गळ्यापर्यंत भरा. वर जितकी हवा कमी तितकी कीड कमी. अर्धा रिकामा डबा म्हणजे किड्यांना आमंत्रण.

तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचं. किलोला चहाचा एक चमचा पुरतो, हाताने सगळीकडे लागेल असं. शिजवताना धुतलं की जातं. मटकी, हुलगे, वाल अशा अख्ख्या कडधान्यांना भुंगा लवकर लागतो. आमच्या घरी अजून चाळलेल्या राखेत ठेवतात, गोवरीची राख. रवा कोरडा भाजून गार करून भरला की जाळी धरत नाही. तांदळात कडुलिंबाचा पाला घालायचा तो पूर्ण वाळवून. ओला पाला घातला तर तुम्हीच ओल आत नेलीत.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. गोदामात धुरी द्यायच्या गोळ्या मिळतात, अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. 'एक गोळी टाका, वर्षभर किडा नाही' म्हणून काहीजण घरच्या कोठीत टाकतात. टाकू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. त्याने बंद खोलीत झोपलेली माणसं दगावली आहेत. त्यावर उतारा नाही. गोदामात ते काम शिकलेली माणसं करतात, गोदाम बंद करून, आणि नंतर ते उघडं टाकून हवा खेळवतात. एका खोलीच्या घरात ते जमणं शक्य नाही. पाऱ्याच्या गोळ्याही मला पटत नाहीत. पारा विषच आहे, कापडाची पुरचुंडी फुटली तर दाण्यात मिसळतो. पंधरा दिवसांचा साठा तर तुम्ही तीन-चार महिन्यांत खाऊन बदलणार आहात. त्याला ऊन, एरंडेल आणि घट्ट झाकण पुरे.

---

वाशिष्ठीचा_शेजार

+१. ही गोळ्यांची माहिती सगळ्यांपर्यंत पोचवा. आमच्या वाडीत एकाने ती धान्याच्या पिंपात टाकलेली मी स्वतः बघितली आहे.

---

एक_वाचक

हे चांगलं आहे, पण प्रत्येकाने असं घरात भरून ठेवलं तर बाजारात टंचाई होईल ना? लॉकडाऊन लागला तेव्हा मार्च २०२० मध्ये आमच्या कॉलनीतल्या वाण्याकडे दोन दिवसांत डाळ संपली होती. ज्यांच्याकडे गाडी आणि पैसा त्यांनी पोती नेली, हातावर पोट असणारे रिकाम्या हाताने परतले.

---

कृष्णाकाठची

तुमचं दुखणं खरं आहे. म्हणूनच मी ऑक्टोबर ते मे म्हणते. बाजारात सगळं भरपूर असताना महिन्याला एक किलो जास्त घेतल्याने कुणाच्या ताटातलं काही जात नाही. उलट रेड अलर्ट लागल्यावर दुकानासमोर मी नसते, म्हणजे तेवढी डाळ दुसऱ्या कुणाला मिळते. साठेबाजी म्हणजे घाबरून एका दिवसात करतात ती. अलर्ट लागल्यावर मी दुकानात जात नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय.

---

बचतगटवाली

मी घरकाम करणाऱ्या बायकांच्या बचत गटात काम करते. इथे महिन्याला अडीचशे म्हटलं, पण आमच्या कितीतरी जणींकडे एकरकमी अडीचशे महिनाअखेरीला नसतात. त्यांच्यासाठी आम्ही मुठीची पद्धत लावली आहे. नवी नाही, आमच्या आयाही करायच्या. भाताला तांदूळ घेतले की त्यातलीच एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. मूठ म्हणजे ४०-५० ग्रॅम. महिन्याला सव्वा ते दीड किलो होतात. घरात कुणाला कमी पडल्याचं जाणवत नाही. जुलै येईपर्यंत आठ-दहा किलो साठतात.

रेशनचंही सांगते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून मोफत. काहीजणी ते नको असलं की बाहेर विकतात, कमी भावाने. आम्ही सांगतो, विकण्याआधी दोन किलो त्या डब्यात टाका. चाळून, निवडून, ऊन दाखवून. आमच्या गटात आता बावीसजणींकडे असा डबा आहे. डब्याला हात लावायचा नाही असं नाही हो. नवऱ्याचं काम सुटलं, पोर आजारी पडलं, तर तीही आपत्तीच आहे. तेव्हा खायचं. नुसता पूरच यायला हवा असं कुठे आहे?

---

कृष्णाकाठची

तुमची शेवटची दोन वाक्यं मी वहीत उतरवून घेतली, ताई. मी फक्त पाण्याचाच विचार करत होते.

---

आहारवाली

थोडी भर घालते. कॅलरीचा हिशोब बरोबर आहे, पण घरात मधुमेहाचं माणूस असेल तर नुसता भात आणि गूळ चालणार नाही. डाळीचं प्रमाण वाढवा, भाजलेले चणे-फुटाणे ठेवा. ते शिजवावेही लागत नाहीत. गोळ्या घेणाऱ्यांनी निदान पंधरा दिवसांची औषधं अन्नाच्याच पिशवीत, कोरड्या प्लॅस्टिकमध्ये ठेवावीत. तान्हं बाळ वरच्या दुधावर असेल तर त्याच्या पावडरीचा एक बंद डबा हवाच, पण त्याला उकळलेलं पाणीही हवं, ते विसरू नका.

पाण्याचं इथे कुणी लिहिलं नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी दिवसाला निदान ३ लिटर धरा. पुरानंतर नळाचं पाणी खळाळून उकळल्याशिवाय पिऊ नका. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. इंधन नसेल तर मेडिक्लोरची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या द्रावणाची, बाटली ठेवा, थेंब किती ते तिच्यावर लिहिलेलं असतं. गढूळ पाणी आधी गाळून, निवळून घ्या, मगच ते घाला. जुलाब लागले तर १ लिटर शुद्ध पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मिठाचा अंदाज वाढवू नका.

आणि पुराचं पाणी लागलेलं अन्न वाळवून खाऊ नका. फिरकीच्या झाकणाच्या बरण्यासुद्धा टाकून द्या. आट्यांत घाण बसते, ती धुऊन निघत नाही. मला माहीत आहे, आपल्याकडे अन्न टाकवत नाही. पण त्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं.

---

टेक्सासकर

परदेशातून एक अनुभव. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात आमच्याकडे टेक्सासमध्ये वीज तीन दिवस नव्हती. शेगडी विजेची, त्यामुळे फडताळ भरलेलं असून खायला काही नाही. बायकोने भारतातून आणलेलं मेतकूट आणि पोहे होते. ते दह्यात कालवून मुलांना दिले. तेव्हापासून गॅसची छोटी प्रवासी शेगडी आहे, ती फक्त बाहेर अंगणात पेटवतो. घरात पेटवून विषारी वायूने माणसं गेल्याच्या बातम्या त्याच आठवड्यात वाचल्या होत्या.

---

दहा_बाय_बारा

सगळ्यांचे आभार. अपडेट देते. कपाटावर एक डबा झालाय. तांदूळ सहा किलो, मसूर आणि मूगडाळ मिळून दोन, त्यावर पोह्यांची आणि फुटाण्यांची पाकिटं. दुसरा डबा वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, अगं २००५ ला तुमच्या घरी चहा पाठवला तो मीच. आईला सांगितलं तर ती काहीच बोलली नाही, नुसती वर जाऊन त्यांच्याजवळ बसून आली.

एक अडचण आहे. आईने गावाहून आणलेली तूरडाळ दोन वर्षांची आहे, ती साठ्यात टाकू का? फेकायला तिचं मन होत नाही.

---

मार्केटयार्ड_जुना

साठ्यात नको, ताई. जुनी तूर शिजायला फार वेळ घेते, आणि नेमका तेव्हाच तुमच्याकडे गॅस मोजका असणार. ती आत्ता खाऊन संपवा. रात्रभर भिजत घाला, कुकरला लावताना थोडं तेल आणि हळद घाला, शिट्ट्या दोन जास्त. मीठ आणि चिंच-आमसूल शिजल्यावर. साठ्यात मसूर आणि मूगच असू द्या. अर्धा तास भिजवलेली मूगडाळ उकळून, झाकण ठेवून गॅस बंद केला तरी आतल्या वाफेत बरीच होते. एकदा घरी करून बघा आणि किती वेळ लागला ते इथे लिहा.

---

दहा_बाय_बारा

रविवारी केली. अर्धा तास भिजवली, पाच मिनिटं उकळली, मग गॅस बंद करून पातेलं चादरीत गुंडाळून ठेवलं. चाळीस मिनिटांनी बोटाने दाबली तर मऊ. सगळ्यांनी भाताबरोबर खाल्ली.